दुर्बीण नॉर्मल, संडास मात्र काळी

अल्सरमधून होणाऱ्या आणि संडास काळी करणाऱ्या रक्तस्रावाबद्दल मागच्या वेळी लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या प्रश्नांमधले बरेचसे अल्सरचे नव्हतेच, ते स्वादुपिंडाकडे (पॅनक्रियाकडे) जाणारे होते. त्यांतले काही इथे घेतो. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

प्रश्न : आमचे अप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर होते. वय 54. पूर्वी दारू होती, आता काही वर्षं पूर्ण बंद आहे. ‘क्रॉनिक पॅनक्रियाटायटिस’ची औषधं चालू आहेत. गेल्या पाच महिन्यांत तीन वेळा संडास काळी कुळकुळीत झाली. एकदा हिमोग्लोबिन 6 वर आलं. प्रत्येक वेळी रक्त चढवून घरी सोडलं. दोनदा वरून दुर्बीण झाली, एकदा खालून, काही सापडलं नाही. अप्पा म्हणतात, आधी पोटात जोराची कळ येते आणि काळी संडास होऊन गेली की बरं वाटतं. घरातले म्हणतात उष्णता आहे. काय असेल? (सोलापूर)

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य अप्पांचं आहे, आणि नेमकं तेच कुठल्याही डिस्चार्ज कार्डावर नसणार, असा माझा अंदाज आहे. आधी कळ, मग काळी संडास, मग आराम. हा क्रम आणि जुना पॅनक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची जुनी सूज, एका माणसात दिसले की रक्त स्वादुपिंडाच्या नळीतून येतंय का, हे बघावंच लागतं. या आजाराला हिमोसक्कस पॅनक्रियाटिकस म्हणतात. प्लीहेच्या (स्प्लीनच्या) धमनीतून स्वादुपिंडाच्या नळीत रक्तस्राव झाल्याचा रुग्ण लोअर आणि फॅरेल यांनी 1931 मध्ये नोंदवला. आजचं नाव फिलिप सँडब्लॉम या स्वीडिश सर्जननी 1970 मध्ये दिलं. पचनमार्गातून रक्त जाणाऱ्या साधारण दीड हजार रुग्णांमागे एक, असा आकडा वैद्यकीय लेखनात दिला जातो. पण तो सरसकट सगळ्या रुग्णांचा आकडा आहे. ज्याला आधीच पॅनक्रियाटायटिस आहे त्याच्या बाबतीत ‘दुर्मीळ आहे’ म्हणून विचार सोडून देता येत नाही.

घडतं ते असं. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं असतं आणि त्याच्या वरच्या कडेने प्लीहेची धमनी नागमोडी जाते. स्वादुपिंडाला वारंवार सूज आली की त्यातला पाचकरस बाहेर झिरपतो आणि शेजारच्या धमनीची भिंत खाऊ लागतो. भिंतीला भोक पडतं. बाहेर आलेलं रक्त आसपासच्या ऊतींमध्ये कोंडून त्याची एक पिशवी तयार होते. तिला स्यूडोअॅन्युरिझम म्हणतात. धमनीची खरी भिंत या पिशवीला नसते, त्यामुळे ती लहान असली तरी तिचा भरवसा धरता येत नाही. ही पिशवी नळीत उघडली की रक्त नळीतून उतरून लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये येतं. नळीत गुठळी अडकली की दाब वाढतो आणि कळ येते. गुठळी सुटली की रक्त वाहतं, दाब उतरतो, माणसाला हायसं वाटतं. अप्पा सांगतात ते अगदी हेच. कळ असताना रक्तातलं अमायलेज (स्वादुपिंडाचं एक पाचक द्रव्य) वाढलेलं सापडलं, तर संशय आणखी पक्का होतो.

मग दुर्बिणीत का दिसलं नाही? एक तर हे रक्त थांबून थांबून येतं. रात्री संडास काळी झाली, सकाळी नंबर लागून दुपारी दुर्बीण झाली, तोवर सगळं कोरडं झालेलं असतं. दुसरं कारण दुर्बिणीतच आहे. नेहमीची दुर्बीण समोर पाहते, आणि स्वादुपिंडाची नळी जिथे उघडते ते तोंड ड्युओडेनमच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर, घडीत असतं. ते नीट बघायचं तर ईआरसीपीला, म्हणजे पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांच्या तपासणीला, वापरतात ती बाजूला पाहणारी दुर्बीण लागते. तेव्हा रिपोर्टवरच्या ‘नॉर्मल’चा अर्थ एवढाच, की त्या वेळी, दिसलेल्या भागात, रक्त येत नव्हतं.

आता काय करायचं? चौथ्या वेळेची वाट पाहू नका. रक्त थांबलेलं असतानाही ही पिशवी सिटी अँजिओग्राफीत दिसू शकते. मात्र पोटाचा साधा सिटी आणि अँजिओग्राफी या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून दिलेलं औषध शिरेतून गेल्यावर ते धमन्यांत भरलेलं असतानाच चित्रं घेतात. त्याआधी औषधाशिवायची चित्रंही घ्यायला सांगा, कारण नळीत ताजी गुठळी असेल तर ती त्यांत पांढरट दिसते. औषध भरल्यावर ती झाकली जाऊ शकते. फॉर्मवर फक्त ‘पोटाचा सिटी’ एवढंच लिहून पाठवलेला रुग्ण ही माझी जुनी तक्रार आहे. रेडिओलॉजिस्टला ‘जुना पॅनक्रियाटायटिस, काळी संडास, दुर्बीण नॉर्मल’ एवढे शब्द मिळाले तरी तो नेमक्या जागी बघतो.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. पॅनक्रियाटायटिसच्या रुग्णालाही साधा अल्सर होतोच, आणि दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या खाल्ल्या असतील तर जास्तच. म्हणून पहिली दुर्बीण चुकीची नव्हती. चुकलं ते तिच्यानंतर सगळेच थांबले हे. पॅनक्रियाटायटिसची फाइल असलेल्या माणसाला सिटी अँजिओग्राफी न करता तिसऱ्यांदा रक्त चढवून घरी पाठवणं मला पटत नाही, आणि असं मी एकट्यानेच म्हणतो असंही नाही.

उष्णतेचं म्हणाल, तर उष्णतेने हिमोग्लोबिन 6 वर येत नाही. सब्जा आणि ताक सोलापूरच्या उन्हात जरूर प्यावं, पण ते काळ्या संडासचं औषध नव्हे.

प्रश्न : मी रक्तवाढीच्या गोळ्या घेते. संडास काळी होते. मागचा लेख वाचून झोप उडाली आहे. (बार्शी)

उत्तर : ताई, झोपा निवांत. लोहाच्या गोळ्यांनी संडास काळपट-हिरवट होते, पण बांधीव राहते आणि तिला वेगळा वास नसतो. रक्ताची संडास डांबरासारखी चिकट आणि चकचकीत असते, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहते आणि तिचा वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. तसं दिसलं, किंवा उभं राहिल्यावर गरगरलं, छातीत धडधडलं, तर मात्र गोळ्यांवर ढकलू नका, त्याच दिवशी दाखवा. रक्तवाढीच्या गोळ्या मनानेच बंद करू नका.

प्रश्न : वडिलांना (वय 66) मधुमेह, क्रिएटिनिन 1.8. स्वादुपिंडात खडे आहेत. काळ्या संडाससाठी डॉक्टर सिटी अँजिओग्राफी सांगतात. शेजारी म्हणतात, त्या औषधाने किडनी जाते. करावी का? (पंढरपूर)

उत्तर : करावी. सिटीत वापरतात त्या आयोडीनच्या औषधाने किडनीवर ताण येऊ शकतो, पण क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) 1.8 म्हणजे दार बंद नव्हे. जास्त काळजी असते ती किडनीचं काम याहून खूप खाली गेलेलं असताना. उलट रक्तस्रावाने बीपी घसरलं, तर त्यानेच किडनीचं मोठं नुकसान होतं, आणि ते शेजाऱ्यांच्या हिशेबात नसतं.

तपासणीआधी आणि नंतर गरजेप्रमाणे सलाइन देतात. मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) चालू असेल तर ते थांबवून, 48 तासांनी क्रिएटिनिन बघून पुन्हा सुरू करतात. त्या दिवसांत दुखण्याच्या गोळ्या बंद. हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा, कारण मग सलाइन बेतानेच द्यावं लागतं. पूर्वी अशा औषधाने अंगावर पित्त उठलं असेल, श्वास लागला असेल, तर तेही आधीच सांगा.

प्रश्न : थोरल्या भावाला प्लीहेच्या धमनीत स्यूडोअॅन्युरिझम सापडला. पुण्यात जांघेतून नळी घालून कॉइल बसवली. संडास आता पिवळी आहे. पण डाव्या कुशीत दुखतं, दोन दिवस ताप होता. एवढं मोठं दुखणं आणि ऑपरेशन नाही, हे घरात कुणाला पटत नाही. कॉइल सरकेल का? एमआरआय करता येईल का? प्लीहा खराब होते म्हणतात, ते खरं का? (मंगळवेढा)

उत्तर : एकेक घेऊ.

ऑपरेशन न करता हे थांबवता येतं, हाच या आजाराच्या उपचारातला मोठा बदल आहे. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक कॅथेटर आत नेतात. भुलीचं इंजेक्शन फक्त तेवढ्या जागी देतात, त्यामुळे रुग्ण बहुतेक वेळा जागाच असतो. महाधमनीतून निघणाऱ्या सीलिॲक धमनीतून पुढे प्लीहेच्या धमनीत शिरतात, औषध सोडून पडद्यावर पिशवी शोधतात आणि कॉइल, म्हणजे धातूच्या बारीक तारेचं वेटोळं, टाकून ती बंद करतात.

बंद कशी करतात, हे समजून घ्या, कारण पुढे पुन्हा रक्त गेलं तर हाच प्रश्न विचारायचा आहे. प्लीहेला रक्त एकाच वाटेने येत नाही, जठराकडूनही बारीक धमन्या तिकडे जातात. पिशवीच्या फक्त अलीकडे कॉइल टाकली तर रक्त पलीकडून उलटं फिरून तिच्यात भरतं. दोन्हीकडून उघडा असलेला बोळ एकाच तोंडाशी अडवून चोर सापडत नाही. म्हणून आधी पिशवीच्या पलीकडे आणि मग अलीकडे कॉइल टाकतात. ड्युओडेनमजवळच्या धमन्यांतही हीच गोष्ट आहे, तिथे दोन वेगळ्या मोठ्या धमन्यांकडून रक्त येतं. कॉइल बसत नसेल तर डिंकासारखं घट्ट होणारं औषध सोडतात. धमनीचा प्रवाह चालू ठेवणं भाग असेल, म्हणजे यकृताच्या धमनीसारख्या ठिकाणी, आतून आवरण असलेला स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवतात.

आता याच जोड-वाटांमुळे प्लीहा सहसा जगते. तिचा थोडा भाग रक्तावाचून सुकू शकतो. डाव्या कुशीतलं दुखणं आणि सुरुवातीचा ताप त्याचाच असतो आणि काही दिवसांत उतरतो. ताप आठवडाभर राहिला, थंडी वाजून येऊ लागला किंवा दुखणं वाढत गेलं, तर पू झालाय का हे सोनोग्राफी किंवा सिटीत बघावं लागतं.

कॉइल घट्ट बसून तिच्याभोवती गुठळी जमली की ती सहसा हलत नाही. ती काढायची नसते. हल्लीच्या बहुतेक कॉइल प्लॅटिनमच्या असतात आणि एमआरआयला अडचण येत नाही. तरी कॉइल कोणती, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. पुढे पाच वर्षांनी पाठीचा एमआरआय करायची वेळ आली की सेंटरवाला तेच विचारेल.

घरच्यांचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. कॉइलने पिशवी बंद झाली, पिशवी ज्यामुळे झाली तो पॅनक्रियाटायटिस तसाच आहे. पुन्हा रक्त जाऊ शकतं आणि त्यातलं बरंचसं सुरुवातीच्या दिवसांत आणि आठवड्यांत जातं. म्हणून संडासचा रंग रोज बघायला सांगा, ठरल्या दिवशी हिमोग्लोबिन करा, आणि डॉक्टरांनी सांगितलेला पुन्हाचा सिटी ‘आता बरं आहे’ म्हणून टाळू नका. कॉइल घालूनही रक्त थांबलं नाही, शेजारी मोठी किंवा पू झालेली पाण्याची गाठ असली, किंवा गाठ कॅन्सरची असली, तर ऑपरेशनच. शेपटाकडचा भाग असेल तर स्वादुपिंडाच्या त्या तुकड्याबरोबर बऱ्याचदा प्लीहाही काढावी लागते. प्लीहा काढलेल्या माणसाला न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस या जंतूंविरुद्धच्या लसी लागतात. ऑपरेशन ठरवून असेल तर निदान दोन आठवडे आधी, घाईचं असेल तर नंतर. घाईगडबडीत या लसी राहून जातात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

प्रश्न : माझ्या बहिणीला रक्ताची उलटी झाली. जठरात फुगलेल्या शिरा सापडल्या. नातेवाईक म्हणतात, या दारुड्याच्या लिव्हरच्या गाठी. तिने आयुष्यात थेंब घेतला नाही. लिव्हरचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, फक्त दोन वर्षांपूर्वी पॅनक्रियाला सूज आली होती. सासरी बोलणी बसत आहेत. (अक्कलकोट)

उत्तर : हे पत्र सासरच्यांना वाचायला द्या.

प्लीहेतून रक्त परत आणणारी शीर स्वादुपिंडाच्या अगदी मागून, त्याला चिकटून जाते. स्वादुपिंडाला सूज आली की या शिरेत गुठळी होऊन ती बंद पडू शकते. प्लीहेतल्या रक्ताला मग दुसरी वाट शोधावी लागते आणि ते जठराच्या वरच्या भागातल्या शिरांमधून जातं. त्या शिरा फुगतात आणि फुटतात. यकृत यात निर्दोष असतं. दारूने खराब झालेल्या यकृतात फुगलेल्या शिरा बहुतेक वेळा अन्ननलिकेतही असतात. अन्ननलिका साफ, शिरा फक्त जठराच्या वरच्या टोकाला आणि यकृत चांगलं, असं दिसलं की आम्ही थेट प्लीहेची शीर बघतो. सिटी किंवा डॉप्लर सोनोग्राफीत ती बंद आहे की नाही ते कळतं. सिटी आणखी एका कारणासाठी हवाच. क्वचित ही शीर स्वादुपिंडाच्या गाठीमुळे दाबली गेलेली असते.

उपचारही वेगळा. रक्त चालू असताना दुर्बिणीतून त्या शिरेत ग्लू सोडून ते थांबवतात. पुन्हा पुन्हा होत असेल तर प्लीहा काढणं हा कायमचा उपाय, कारण मूळ दाब तिथूनच येतो. ऑपरेशन झेपणार नसेल तर प्लीहेची धमनी आतून बंद करून दाब कमी करतात. यकृताच्या रुग्णांना देतात त्या गोळ्यांवर इथे फार विसंबता येत नाही.

आणि पॅनक्रियाटायटिस म्हणजे दारू, हे समीकरण मोडायला हवं. पित्ताशयातले खडे, रक्तात फार वाढलेले ट्रायग्लिसराइड, काही औषधं, जनुकांमधले दोष, ही सगळी कारणं आहेत. केरळात तर दारूला कधी न शिवलेल्या तरुण मुलामुलींच्या स्वादुपिंडात खडे होण्याचा आजार फार पूर्वीपासून माहीत आहे. बहिणीच्या पित्ताशयाची सोनोग्राफी झाली नसेल तर करून घ्या.

प्रश्न : दारू सोडली, विडी सुटत नाही. स्वादुपिंडाला विडीने काय होतं? शेंगाचटणी खाल्ली तर चालेल का? (सोलापूर, पूर्व भाग)

उत्तर : विडी-सिगारेटने पॅनक्रियाटायटिस होण्याचा धोका दारूशिवायही वाढतो, आणि असलेला आजार लवकर पुढे सरकतो. पूर्व भागात घरोघरी विड्या वळल्या जातात. ज्या घराचं पोट विडीवर चालतं तिथे ‘विडी सोडा’ म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं. वळा, ओढू नका, एवढं तरी करा. शेंगाचटणीने धमनी फुटत नाही. दोन चिमूट भाकरीबरोबर खा. वाटीभर तेल ओतून खाल्ली तर पोट दुखेल आणि संडास तेलकट होईल. एन्झाइमच्या (पचनाला मदत करणाऱ्या) गोळ्या चालू असतील तर त्या पहिल्या घासाबरोबर घ्या, जेवण झाल्यावर नाही.

प्रश्न : असं रात्री-अपरात्री झालं तर थेट पुण्याला न्यावं की सोलापुरात थांबावं? खर्चाचं काय? (मोहोळ)

उत्तर : आधी जवळच्या दवाखान्यात, मग लांब. पुणे सोलापूरहून अडीचशे किलोमीटर आहे, हैदराबाद तीनशेच्या आसपास. बीपी पडलेला रुग्ण रक्त न चढवता तेवढ्या रस्त्याला लावणं म्हणजे जिवाशी खेळ. 108 ला फोन करा, सोलापुरात सिव्हिल किंवा जिथे रक्तपेढी आणि आयसीयू आहे अशा ठिकाणी न्या. रुग्ण सावरला की सिटी अँजिओग्राफी इथेच होऊ शकते. त्यात पिशवी दिसली तर प्रश्न उरतो तो एकच, धमनीतून कॉइल टाकणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट त्या रात्री कुठे आहे. तो सोलापुरात मिळाला तर उत्तम, नाहीतर पुणे किंवा हैदराबाद. निघायच्या आधी तिथल्या डॉक्टरांशी इथल्या डॉक्टरांचं बोलणं झालेलं असू द्या. नुसतं ‘मोठ्या हॉस्पिटलात नेलं’ म्हणून उपयोग नाही. रविवारी तिथे कॅथलॅब (धमनीतून असे उपचार करतात ती खोली) बंद निघाली तर पुन्हा रस्त्यावरच.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतलं हॉस्पिटल आहे का आणि हा उपचार तिथे बसतो का, हे दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. बिल झाल्यावर विचारून काही हाती लागत नाही. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

बरोबर न्यायच्या पिशवीत सिटीची सीडी हवी, नुसता रिपोर्टचा कागद नको. कॉइल टाकणारा डॉक्टर चित्रं बघून ठरवतो कोणत्या धमनीत शिरायचं, आणि सीडी नसली तर रुग्णाला तोच सिटी, तेच औषध, पुन्हा एकदा सोसावं लागतं. शिवाय जुन्या दुर्बिणीचे रिपोर्ट, रक्तगट, किती बाटल्या चढवल्या त्याची नोंद आणि ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिची पट्टी. ती गोळी शेवटची कधी घेतली, ते पट्टीवरच पेनाने लिहून ठेवा.